एकाच फळात दोन तेलं

२०२२ च्या दिवाळीत रेशन दुकानांतून शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' वाटला गेला. रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. त्या वर्षी मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत करंज्या आणि शंकरपाळे याच तेलात तळले गेले. तसं हे तेल आपल्याला नवं नाही. बिस्किटं, फरसाण, हॉटेलातली भजी यांतून ते आपल्या पोटात जातच असतं. थंडी पडली की ते पिशवीतच थिजतं आणि मग कुणीतरी विचारतं, यात भेसळ तर नाही ना? थिजणं हा त्याचा स्वभाव आहे. त्यात पामिटिक आम्लाचं प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते आम्ल गार हवेत घट्ट होतं. हा स्वभाव फळ पिकताना ठरतो. तो कसा ठरतो, हे समजून घेण्यासारखं आहे. आपला केसर आंबा, सीताफळ आणि मोसंबी यांच्या पिकण्याबद्दलचे बरेच प्रश्नही त्यातून सुटतात.

आपल्याकडे तेल म्हणजे बियांचं. करडई, तीळ, जवस, भुईमूग, सूर्यफूल, सरकी आणि आता सोयाबीन. पामचं मुख्य तेल मात्र बियांतून निघत नाही, ते निघतं फळाच्या गरातून. आंब्यात ज्या जागी रस असतो, त्याच जागी पामच्या फळात तेल साठतं. मूळ पश्चिम आफ्रिकेतलं हे झाड. त्याच्या एका घडाला हजार ते तीन हजार फळं लागतात आणि प्रत्येक फळ तीन ते पाच सेंटिमीटर लांब असतं. बाहेर नारिंगी, चिवट गर, त्याच्या आत कठीण कवच आणि कवचाच्या आत बी. पिकलेल्या गराच्या ताज्या वजनापैकी जवळपास निम्मं तेलच असतं. गर वाळवून पाणी काढून टाकलं, तर उरलेल्या वजनात तेल नव्वद टक्क्यांपर्यंत जातं. वनस्पतींच्या जगात दुसऱ्या कुठल्याही फळाच्या गरात इतकं तेल आढळलेलं नाही.

आतल्या बीतही तेल असतं आणि ते गरातल्या तेलापेक्षा पार वेगळं असतं. गरातल्या तेलात पामिटिक आणि ओलेइक आम्लं जास्त. बीच्या तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं, त्यामुळे ते खोबरेल तेलाच्या जवळ जातं आणि साबणाच्या कारखान्यांत खपतं. दोन्ही तेलांच्या मध्ये फक्त एक कवच. बी परागीभवनातून तयार होत असल्यामुळे तिच्यात परागाकडून आलेला वाटाही असतो, हे खरं. पण तेल बनवण्याची जनुकं गराच्या पेशीत आहेत तशीच बीच्या पेशीतही आहेत. मग एकीकडे एक तेल आणि दुसरीकडे दुसरंच, असं का होतं?

कारण एखादं जनुक पेशीत असणं वेगळं आणि त्याचा वापर होणं वेगळं. लेखातली बाकी सगळी माहिती या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून ती जरा नीट पाहू.

तलाठ्याच्या दप्तरात गावातल्या प्रत्येक गटाची नोंद असते. मूळ नोंदवही कुणी घरी नेत नाही. ज्याला काम पडतं तो आपल्या गटाची नक्कल काढतो आणि ती घेऊन बँकेत जातो. पीककर्जाच्या दिवसांत सातबाऱ्याच्या नकला भराभर निघतात, एरवी तीच पानं शांत पडून असतात. पेशीच्या केंद्रकातला डीएनए हे असंच मूळ दप्तर आहे. ते जागचं हलत नाही. ज्या जनुकाची गरज असेल त्याची नक्कल आरएनएच्या रूपात निघते, केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होतं. यातली बरीच प्रथिनं म्हणजे विकरं, पेशीतली रासायनिक कामं करणारी. साखरेचं तेल करायचं, हिरवा रंग मोडायचा, गर मऊ करायचा, ही सगळी कामं त्यांची. कोणत्या जनुकाच्या, किती आणि कधी नकला निघाल्या, यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. पानाच्या पेशीत आणि फळाच्या पेशीत दप्तर सारखंच असतं, निघालेल्या नकला वेगळ्या असतात.

या नकला आता मोजता येतात. फळाचा गर ठरावीक आठवड्यांनी काढायचा, द्रव नायट्रोजनमध्ये लगेच गोठवायचा, त्यातला आरएनए वेगळा करायचा आणि यंत्रावर वाचायचा. हजारो जनुकांच्या नकला एकाच वेळी मोजून होतात. वाक्यात हे सोपं वाटतं, प्रत्यक्षात नाही. आरएनए फार लवकर तुटतो, आणि पामसारख्या तेलकट गरातून तो स्वच्छ वेगळा करणं हेच मोठं कष्टाचं काम आहे. शिवाय वाचलेली नक्कल कोणत्या जनुकाची, हे ओळखायला मूळ दप्तर हाताशी लागतं. मलेशियन पाम ऑइल बोर्डाच्या शास्त्रज्ञांनी इतरांच्या मदतीने ते २०१३ साली 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केलं. सुमारे १८० कोटी अक्षरांचा डीएनए आणि त्यात ३४ हजारांहून अधिक जनुकं.

पामचं फळ परागीभवनापासून पिकायला पाच ते सहा महिने घेतं. सुरुवातीचे काही महिने ते फक्त वाढत असतं. आधी पेशींची संख्या वाढते, मग त्या पेशी फुगतात. बाराव्या आठवड्याच्या सुमारास बीत तेल भरायला लागतं आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत ते काम बहुतेक उरकतं. गरात तोवर तेल जवळपास नसतंच. पंधराव्या आठवड्याच्या आसपास तिथे सुरुवात होते आणि मग फळ पिकेपर्यंत तेल चढत्या गतीने साठत जातं. म्हणजे एकाच फळात आधी बीचा हंगाम, मग गराचा. या वेळा कुणी बाहेरून ठरवून दिलेल्या नाहीत. कोणत्या पेशीत कोणत्या नकला कधी निघू लागतात, त्यावर त्या ठरतात.

इथे खजुराची आठवण काढावी लागते. रमजानमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात ढिगांनी दिसणारा खजूर आणि तेल देणारा पाम एकाच कुळातले. आपल्या ओढ्यांच्या काठाची शिंदी ही तर खजुराची सख्खी नातेवाईक. दोन्ही फळांना पानांकडून मिळतं ते एकच, साखर. खजूर ती साखर साखर म्हणूनच साठवतो, पाम तिचं तेल करतो. इतक्या जवळच्या दोन झाडांत एवढा फरक का पडतो, हे शोधायला काही शास्त्रज्ञांनी दोन्ही फळांच्या गरातल्या नकला वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर मोजल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेलं हे काम या विषयातलं सगळ्यात सुंदर काम आहे, असं मला मनापासून वाटतं, कारण प्रश्न साधा होता आणि उत्तर स्वच्छ आलं.

मेदाम्लं म्हणजे पामिटिक, ओलेइक, लॉरिक यांसारखी तेलातली आम्लं. ती बनवणाऱ्या जवळपास सगळ्या विकरांच्या नकला पामच्या गरात खजुरापेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. तेल वाढत गेलं तशा त्या सगळ्या एकत्र वाढत गेल्या. इतकी विकरं एका सुरात वाढतात तेव्हा त्यांच्यावर कुणाचा तरी हुकूम चालत असला पाहिजे. तो हुकूम देणारं जनुकही सापडलं. त्याचं नाव रिंकल्ड-१. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात हे जनुक बिघडलं, की बियांत तेल भरत नाही आणि त्या सुरकुततात, त्यावरून हे नाव पडलं. या जनुकापासून बनणारं प्रथिन स्वतः तेल बनवत नाही. ते डीएनएवर बसून तेल बनवणाऱ्या इतर जनुकांच्या नकला काढायला लावतं. पामच्या गरात रिंकल्ड-१ च्या नकला खजुराच्या ५७ पट होत्या.

याच मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली. तेल दोन टप्प्यांत बनतं. आधी मेदाम्लाच्या लांब साखळ्या तयार होतात, मग तीन साखळ्या ग्लिसरॉलला जोडून तेलाचा रेणू होतो. या दुसऱ्या टप्प्यातल्या बहुतेक विकरांच्या नकला पाम आणि खजूर दोघांत जवळपास सारख्याच होत्या. जोडणी करण्याची सोय खजुराकडेही आहे, जोडायला मेदाम्लं मात्र फार थोडी. साखरेतला कार्बन पहिल्या टप्प्याकडे किती जोरात ओढला जातो, यावर फळ गोड होणार की तेलकट, हे बऱ्याच अंशी ठरतं. शिवाय बियांमध्ये रिंकल्ड-१ ला जागं करणारी जी वरची जनुकं असतात, ती पामच्या गरात गप्पच आढळली. म्हणजे बियांमधली तेलाची यंत्रणा गराने उचलली, पण ती चालवणारे वरचे अधिकारी वेगळे. करडईच्या किंवा सोयाबीनच्या दाण्यात तेल वाढवू पाहणाऱ्या पैदासकारांना या शोधात रस वाटतो, तो त्यामुळेच.

आता त्या दोन तेलांकडे परत येऊ. मेदाम्लाची साखळी दोन-दोन कार्बनांनी वाढत जाते आणि ठरावीक लांबीवर एक विकर ती कापून मोकळी करतं. बीत जे कापणारं विकर भरपूर असतं ते बारा कार्बनांवर कापतं, म्हणून लॉरिक आम्ल. गरातली साखळी सोळा किंवा अठरा कार्बनांपर्यंत जाते, म्हणून पामिटिक आणि ओलेइक. त्या कापणाऱ्या विकरांची जनुकं दोन्हीकडे आहेत, नकला कुठे कोणाच्या निघतात एवढाच फरक.

फळाचा रंगही असाच ठरतो. बहुतेक पामची कच्ची फळं वरच्या बाजूला गडद जांभळी, जवळपास काळी असतात आणि पिकताना नारिंगी-तांबडी होतात. काही झाडांची कच्ची फळं हिरवी राहतात आणि पिकल्यावर थेट नारिंगी होतात. हा फरक 'व्हिरेसन्स' नावाच्या एका जनुकामुळे पडतो, हे २०१४ साली दाखवलं गेलं. जांभळा रंग बनवणाऱ्या जनुकांना चालना देणारं हे जनुक बिघडलं की जांभळा रंग चढतच नाही. तोडणी करणाऱ्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. हिरव्यातून नारिंगी झालेला घड उंच झाडावर खालून ओळखता येतो, काळ्यातून तांबडा झालेला ओळखायला नजर तयार असावी लागते. नारिंगी रंग कॅरोटीनचा, गाजरातलाच. ताजं कच्चं पामतेल त्यामुळे लालभडक असतं. कारखान्यात शुद्ध करताना तो रंग निघून जातो आणि आपल्या पिशवीत फिकट पिवळं तेल येतं.

घड पिकला हे ओळखण्याची खरी खूण मात्र झाडाखाली असते. पिकलेली फळं घडातून सुटून पडतात, आणि खाली किती पडली ते पाहून घड तोडायचा की नाही हे ठरवतात. आपल्याकडे झाडाखाली पाडाचे आंबे सापडू लागले की आंबा उतरवायला आला असं समजतात, तसाच हा नेम. फळ आणि देठ यांच्यामध्ये पेशींचा एक पातळ थर असतो. वेळ आली की त्या थरातल्या पेशींत भिंती विरघळवणाऱ्या विकरांच्या नकला एकाएकी वाढतात, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि फळ गळतं. हा इशारा देणारं संप्रेरक म्हणजे इथिलिन, एक साधा वायू. तोडणीनंतर मात्र घाई करावी लागते. गराच्या पेशी ठेचाळल्या की त्यातलं लायपेज नावाचं विकर तेल तोडायला लागतं आणि तेलाची आम्लता वाढते, म्हणून घड चोवीस तासांच्या आत गिरणीत पोचवायची धडपड असते. या लायपेजचं जनुक २०१३ साली सापडलं. ज्या झाडांत ते फारसं चालत नाही, त्यांचं तेल जास्त वेळ चांगलं राहतं.

इथिलिनचं नाव निघालं म्हणजे विषय आपल्या बागांत आला.

मराठवाड्याच्या तीन फळांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं: मराठवाड्याचा केसर आंबा, बीडचं सीताफळ आणि जालन्याची मोसंबी. पिकण्याच्या हिशेबात ही तिन्ही सारखी नाहीत. केसर आणि सीताफळ तोडल्यावरही पिकतात, अर्धापूरची केळीही तशीच. मोसंबी तोडल्यावर पिकत नाही. झाडावर असताना जितकी गोड झाली तितकीच गोडी घेऊन ती बाजारात येते. घरात आठ दिवस ठेवली तर मऊ पडेल, साल सुकेल, पण आंबट मोसंबी गोड होणार नाही.

आंब्याच्या गरात पिकण्याआधी स्टार्च साठलेला असतो. पिकायला लागलं की स्टार्च मोडणाऱ्या विकरांच्या नकला वाढतात आणि त्याची साखर होते. त्याच वेळी आम्ल कमी होतं, हिरवं हरितद्रव्य मोडतं, कॅरोटीन वाढतं, पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सैल होतं आणि वास देणारे रेणू बनू लागतात. शेकडो जनुकांच्या नकला काही दिवसांत वरखाली होतात. या सगळ्यांना एकाच वेळी हलवणारं संप्रेरक इथिलिन. मोसंबीच्या फोडींत असा स्टार्चचा साठाच नसतो. त्यामुळे इथिलिन दिलं तरी साखर येणार कुठून? हिरव्या मोसंबीला इथिलिन देऊन पिवळी करतात, पण त्यात फक्त सालीचं हरितद्रव्य मोडतं. आतला रस जसा होता तसाच राहतो. पिवळा रंग पाहून गोडीचा अंदाज बांधणाऱ्या गिऱ्हाइकाने हे ध्यानात ठेवायला हवं.

इथिलिन जनुकांपर्यंत पोचतं कसं, त्याची रीत जरा उलटी आहे. पेशीत इथिलिन ओळखणारी प्रथिनं असतात. इथिलिन नसताना ती स्वस्थ बसत नाहीत, उलट तेव्हाच कामात असतात आणि पिकण्याचा सगळा मार्ग दाबून धरतात. इथिलिनचा रेणू येऊन बसला की त्यांचं हे दाबून धरणं थांबतं, आणि मार्ग मोकळा होऊन पिकवणाऱ्या जनुकांच्या नकला निघू लागतात. म्हणजे झाडावरचं जून फळ पिकायला तयार असतं, त्याला अडवून धरलेलं असतं. फळ जास्त दिवस टिकवण्यासाठी वापरतात ते १-एमसीपी नावाचं रसायन याच प्रथिनांना चिकटून बसतं आणि इथिलिनला जागाच देत नाही.

दुसरी गोष्ट अढीबद्दलची. इथिलिन तयार होतं मेथिओनिन या अमिनो आम्लापासून, आणि शेवटच्या दोन पायऱ्या दोन विकरं पार पाडतात. कोवळ्या फळात थोडं इथिलिन असतं आणि ते स्वतःच्याच निर्मितीला आळा घालतं. फळ जून झालं की हा हिशेब उलटतो. आता इथिलिन आलं की ते बनवणाऱ्या विकरांच्याच नकला वाढतात, त्यामुळे आणखी इथिलिन, त्याच्यामुळे आणखी नकला. म्हणून पिकायला लागलेलं एक फळ अढीतल्या इतर फळांना पिकवतं, आणि म्हणून अढी झाकून ठेवतात. काडाने ऊब धरते आणि वायूही लगेच उडून जात नाही. आपल्या आज्यांनी अढीत मधूनमधून हात घालून फळं निवडली, ती या साखळीचा वेग ओळखूनच.

कॅल्शियम कार्बाइडचा धंदा याच जागी घुसला. कार्बाइडला ओलावा लागला की ॲसिटिलिन वायू सुटतो. तो इथिलिनसारखाच त्या प्रथिनांवर जाऊन बसतो, पण त्याचा परिणाम बराच कमजोर असतो. व्यापारी दर्जाच्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात आणि ते हाताळणाऱ्या माणसालाही घातक आहेत. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्याने फळं पिकवायला बंदी आहे. त्याऐवजी १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, इथिलिन वायू वापरायला २०१६ पासून परवानगी आहे, आणि फळ स्वतः बनवतं तोच तो वायू असल्यामुळे त्याला घाबरण्याचं कारण नाही. नुकसान होतं ते कोवळा आंबा उतरवल्यामुळे. आमच्याकडचा केसर मे महिन्यात भरात येतो, पण सुरुवातीचा चढा भाव गाठण्यासाठी तो बऱ्याचदा आधीच उतरवला जातो. फळ देठापासून सुटलं की पानांकडून येणारी साखर थांबते. जेवढा स्टार्च साठला असेल तेवढाच. वायू कोणताही द्या, नकला निघतील, रंग येईल, साल पिवळी होईल, आणि खाणारा म्हणेल की यंदा केसरला चव नाही. हे पाहून जीव तुटतो, कारण मराठवाड्याच्या केसरचं नाव मोठं व्हायला चवीशिवाय दुसरा आधार नाही.

पाममधल्या जनुकांच्या शोधांपैकी दोन अजून सांगायला हवेत. पहिला थोडक्यात. पामचे जाड कवचाचे, पातळ कवचाचे आणि बिनकवचाचे असे प्रकार आहेत. जाड आणि बिनकवच यांच्या संकरातून पातळ कवचाचा प्रकार येतो आणि तो जाड कवचाच्या झाडापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त तेल देतो. आज लागवडीत हाच प्रकार चालतो. हा सगळा फरक एकाच 'शेल' नावाच्या जनुकामुळे आहे, हे २०१३ साली कळलं. त्यामुळे रोपवाटिकेतलं रोप कोणत्या प्रकारचं आहे, हे पानाच्या तुकड्यावरून तपासता येतं, फळं लागेपर्यंत काही वर्षं थांबावं लागत नाही.

दुसरा शोध जास्त विचार करायला लावणारा. उत्तम पामच्या झाडापासून ऊतीसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) हजारो रोपं केली, तर काहींना काही वर्षांनी विद्रूप फळं लागायची. फळाभोवती जादा पाकळ्यांसारखी वाढ आणि तेल कमी. डीएनएची अक्षरं तपासली तर चांगल्या झाडात आणि बिघडलेल्या झाडात फरकच सापडेना. १९८० च्या दशकापासून सतावणाऱ्या या कोड्याचं उत्तर २०१५ साली मिळालं. फुलाचे अवयव घडवणाऱ्या एका जनुकाच्या आत 'कर्मा' नावाचा डीएनएचा एक तुकडा बसलेला आहे. एरवी त्याच्यावर मिथाइल गटाच्या रासायनिक खुणा असतात. प्रयोगशाळेत पेशी वाढवताना काही रोपांत या खुणा पुसल्या जातात. मग त्या जनुकाची नक्कल मधेच तुटते, अपुरी निघते आणि फळ बिघडतं. दप्तरातला मजकूर तसाच, पण त्यावरची खूण गेल्यामुळे नक्कल चुकते. आता ही खूण तपासून वाईट रोपं प्रयोगशाळेतच बाजूला काढता येतात. अर्धापूर-वसमतकडे केळीची लागवड ऊतीसंवर्धित रोपांवर होते आणि त्यातही अधूनमधून वेगळंच झाड निघतं. रोप घेताना मातृवृक्ष कोणता आणि रोपं किती वेळा पुन्हा पुन्हा वाढवली, हे विचारायचा शेतकऱ्याला पूर्ण हक्क आहे.

मराठवाड्यात पाम लावावा का, असा प्रश्न मला हल्ली लोक विचारतात. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचं खाद्यतेल-पाम अभियान मंजूर केलं आणि शेजारच्या तेलंगणात लागवड वाढते आहे, म्हणून विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या पाण्यावर हे पीक नको. त्याला वर्षभर सारखा पाऊस लागतो, दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे सरासरी त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि तोही चार महिन्यांत. ठिबकवर जगवायचं म्हटलं तरी उन्हाळ्यात एका झाडाला रोज दोनशे लिटरच्या घरात पाणी द्यावं लागतं. शिवाय या झाडाचा एक स्वभाव ध्यानात घ्यायला हवा. त्याला नरफुलांचे आणि मादीफुलांचे तुरे वेगवेगळे येतात, आणि कोणता तुरा येणार हे फूल उमलायच्या जवळपास दोन वर्षं आधी कोवळ्या कळीत ठरतं. पाण्याचा ताण पडला की नर तुरे वाढतात. नर तुऱ्याला घड लागत नाही. म्हणजे यंदाच्या दुष्काळाची मार दोन-अडीच वर्षांनी, कदाचित चांगल्या पावसाच्या वर्षात, उत्पन्नावर बसते. दर तीन-चार वर्षांनी कोरडं वर्ष पाहणाऱ्या भागाने हे ओळखून करडई आणि सोयाबीनकडेच जास्त लक्ष द्यावं. परभणीच्या विद्यापीठाने 'परभणी कुसुम'सारखे करडईचे वाण दिलेले आहेत आणि करडई ओलावा शोधत खोल मूळ घालते. पामतेल तरीही आपल्या जगण्यात राहणारच. त्याच्या आयातीवरचं शुल्क कमीजास्त झालं की त्याचा परिणाम लातूरच्या बाजारात सोयाबीनच्या भावावर होतो.

नकला मोजण्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. नक्कल निघाली म्हणजे प्रथिन बनलंच असं नाही, आणि प्रथिन बनलं म्हणजे ते कामाला लागलंच असंही नाही. एखाद्या जनुकाच्या नकला पिकताना वाढल्या, एवढ्यावरून फळ त्याच्यामुळेच पिकलं असं म्हणता येत नाही. टोमॅटोमध्ये हे स्पष्ट दिसलं. पिकताना पेक्टिन तोडणाऱ्या पॉलिगॅलॅक्टुरोनेज या विकराच्या नकला प्रचंड वाढतात, म्हणून फळ मऊ होतं ते यानेच असं वाटलं. त्याच्या नकला दाबलेला टोमॅटो १९९४ साली अमेरिकेत बाजारात आला. जनुकीय बदल करून विक्रीला आलेलं ते पहिलं फळ. पण तो अपेक्षेइतका टणक राहिला नाही आणि काही वर्षांत बाजारातून गेला. पुढे २०१६ साली पेक्टेट लायेज नावाचं दुसरं विकर दाबून पाहिलं, तेव्हा टोमॅटो टणक राहिला आणि रंग, चवही बिघडली नाही. नकलांच्या मोजणीत हे विकर पहिल्याइतकं डोळ्यांत भरणारं नव्हतं.

सीताफळाच्या बाबतीत हा धडा थेट उपयोगाचा आहे. डोळे उघडलेलं सीताफळ तोडलं की तीन-चार दिवसांत मऊ होतं. थंडीत ठेवलं तर साल काळी पडते. बालाघाटच्या डोंगरातून मुंबईच्या बाजारापर्यंत जाताना कितीतरी माल वाटेतच खराब होतो. टिकाऊ सीताफळ हवं असेल तर सगळ्यात जास्त वाढलेल्या नकलांमागे धावून चालणार नाही, सगळ्यात आधी कोणत्या वाढल्या ते पाहावं लागेल. डोळे उघडण्याच्या आधीपासून गर चमच्याने निघेपर्यंत दर काही तासांनी नमुने घ्यावे लागतील, आणि द्रव नायट्रोजनची टाकी बागेतच, झाडाजवळ ठेवावी लागेल. अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे आणि धारूरच्या डोंगरात वेगवेगळ्या गुणांची झाडं आजही उभी आहेत. त्यातलं एखादं झाड इतरांपेक्षा दोन दिवस जास्त टिकणारं फळ देत असेल, तर त्या झाडाच्या आणि शेजारच्या झाडाच्या नकला शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील, पाम आणि खजुराच्या ठेवल्या तशाच.